पार्थिव गणेश : माती कोठून येते, कोठे जाते?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सकाळी पूजेचा संकल्प सोडताना उपाध्याय आपल्या तोंडून एक शब्द वदवून घेतात. तो शब्द म्हणजे 'पार्थिव'. पार्थिव सिद्धिविनायकाची पूजा मी करीन, असे यजमान म्हणतो, पळीने उदक सोडतो आणि पुढच्या उपचाराकडे वळतो. दैनंदिन मराठीत हा शब्द आता मृतदेहापुरताच उरला असल्यामुळे मंगल प्रसंगी तो कानी पडला की काही मंडळी दचकतात, असे मी पाहिले आहे. वस्तुतः त्यात दचकण्यासारखे काहीच नाही. पृथिवीपासून झाले ते पार्थिव. जो देव आज आपण पाटावर बसवीत आहो तो मातीचा आहे आणि म्हणूनच तो ठरलेल्या दिवशी मातीत परत जाणार आहे, ही कबुली यजमान पूजेच्या आरंभीच देत असतो.

या पानावर दरवर्षी गणेशाच्या अवतारकथा येतात. त्या यंदाही येतील आणि वाचकांनी त्या अवश्य वाचाव्यात. मला मात्र आज देवाच्या कथेऐवजी देवाच्या मातीविषयी लिहावयाचे आहे. ही माती कोण आणतो, कोण विकतो, कोण मळतो आणि दीड, पाच किंवा दहा दिवसांनी तिचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता बाजाराचा आहे. पण त्याची मुळे थेट त्या संकल्पाच्या उदकात आहेत.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात शेणवा नावाचे गाव आहे. नावावरून व्युत्पत्तीचे पतंग उडविण्याचा मोह आम्हा संस्कृतवाल्यांना फार होतो. तो मी आवरतो. एका अंगाला माहुलीचे सुळके, दुसऱ्या अंगाला आजोबाचा डोंगर, जेथे वाल्मीकींचा आश्रम होता आणि लवकुशांचे बालपण गेले असे लोक श्रद्धेने सांगतात. पलीकडे मुरबाडचा मुलूख. मध्ये भाताची खाचरे आणि साग-ऐनाची जंगले. पावसाळ्यात हा सारा प्रदेश पाण्याने न्हाऊन निघतो. तानसा धरण १८९२ सालचे, भातसा त्यानंतरचे. ही दोन्ही याच तालुक्यात आहेत आणि मुंबईकराच्या घरातील देवाला अभिषेक होतो तो पुष्कळदा या डोंगरांवर पडलेल्या पावसानेच. आणि याच तालुक्यातील कित्येक पाडे वैशाखात टँकरची वाट पाहत बसतात. पाण्याचे मोल शिकावयाचे असेल तर येथल्या स्त्रियांच्या डोईवरच्या हंड्यांकडे पाहावे.

अशा प्रदेशात ओढ्याच्या डोहात किंवा गावच्या तळ्यात काय सोडले जाते, हा शोभेचा प्रश्न नव्हे.

पूर्वीची रीत अगदी साधी होती. गावाचा कुंभार तळ्याच्या काठची किंवा खाचराची चिकण माती आणी, ती भिजवी, तुडवी, खडे वेचून काढी आणि वीत-दीड वितीचा गणपती घडवी. रंग म्हणजे गेरू, हळद, चुना, काजळी. विसर्जन त्याच तळ्यात होई. वर्षभरात ती माती तळाशी निवे आणि पुढच्या उन्हाळ्यात गाळ उपसताना पुन्हा काठावर येई. म्हणजे एकच माती पिढ्यान्पिढ्या देव होत होती, पुन्हा माती होत होती, आणि त्यात काही विशेष घडते आहे असे कोणाच्या मनातही येत नव्हते. गौरीचेही तेच. कोकणात आणि या पट्ट्यात रानातल्या तेरड्याची गौर आणावी, तिला नेसवावे, जेवू घालावे आणि पाण्यात सोडावे. तेरडा कुजतो आणि संपतो.

हे चक्र तुटले ते दोन ठिकाणी. गावची माती मागे पडून दूरची शाडू माती आली, हा पहिला तुकडा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शाडूची जागा हळूहळू प्लॅस्टर ऑफ पॅरिसने घेतली, हा दुसरा.

प्लॅस्टर म्हणजे काय, हे घरातील वडीलधाऱ्यांना तरी ठाऊक असावे म्हणून थोडे सांगतो. राजस्थानात जिप्सम नावाचे खनिज विपुल सापडते. त्याच्या कणाकणात पाणी बांधलेले असते. ते सुमारे दीडशे अंश सेल्सियसपर्यंत भाजले की त्यातील तीन चतुर्थांश पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. या भुकटीत पाणी घातले की ती गेलेले पाणी पुन्हा पिऊन घेते आणि काही मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. म्हणजे भिजविल्यावर माती सैल होते, तर प्लॅस्टर भिजवूनच आवळते. एकदा आवळल्यावर ते पाण्यात विरघळत नाहीच असे नाही, पण एका लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते. पाच किलोंची मूर्ती पूर्ण विरघळवायची तर अडीच हजार लिटर पाणी लागेल, आणि तेही पुरेसा काळ हलते राहिलेले. टँकरवर जगणाऱ्या गावाने हे गणित एकदा मांडून पाहावे. म्हणूनच अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काठावर भग्न अवयव दिसतात. त्यांचे वर्णन मी करणार नाही. ज्याने ते एकदा पाहिले त्याला ते पुरते. वर रासायनिक रंग असतात, आणि त्यांत शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात. ते पाण्यात उतरले की तेथून मासळीत आणि मासळीतून माणसात जातात.

एवढे ऐकल्यावर मूर्तिकाराला दूषण देणे सोपे असते. ते मला मान्य नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि त्या तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे ही गावे वर्षभर गणपती घडवितात. तेथल्या मूर्ती मुंबईला, उभ्या महाराष्ट्राला, आणि बोटीने परदेशी मराठी घरांनाही जातात. शाडूची मूर्ती जड, वाळावयास दिवसच्या दिवस लागणारी, घाईने वाळविली तर तडकणारी, आणि ट्रकच्या एका हिसक्यात सोंड गमावणारी. प्लॅस्टर साच्यात ओतले, आत काथ्या घातला, थोड्या वेळात मूर्ती बाहेर. हलकी, स्वस्त, प्रवासाला टणक. गिऱ्हाईकाला मोठी मूर्ती हवी, चकचकीत हवी, आणि मागच्या वर्षापेक्षा दोन पैसे कमीच द्यावयाचे असतात. अशा गिऱ्हाइकाच्या पुढे ज्याचे पोट आहे त्याने काय करावे? भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी देवाच्या मूर्तीसाठी घासाघीस करणारे सुशिक्षित गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि तेच गृहस्थ आरतीच्या तबकात नोट टाकताना मात्र चारचौघांना दिसेल अशी टाकतात.

कायद्याचा प्रवास लांब आहे, तो थोडक्यात सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना २०१० मध्ये काढल्या आणि १२ मे २०२० रोजीच्या सुधारित सूचनांत प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ रोजी या सूचना काटेकोरपणे पाळण्यास सांगितले. पुढे ९ जून २०२५ रोजी मूर्ती घडविण्यास मोकळीक मिळाली, पण नैसर्गिक जलाशयात त्यांचे विसर्जन होऊ नये या अटीवर. आणि २४ जुलै २०२५ च्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात असे ठरले. मधल्या काळात कागदाच्या लगद्याचा पर्याय पुढे आला होता. परंतु कागदी लगदा पाण्यातील प्राणवायू शोषतो हे दिसून आल्यावर २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्या मूर्तींना उत्तेजन देणारा शासननिर्णय रोखला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लॅस्टरची मूर्ती घरच्या घरी विरघळविण्याची रीत शोधली. पुणे महानगरपालिकेने ती भुकटी नागरिकांना वाटली. त्यातून अमोनियम सल्फेट हे खत आणि तळाशी खडूसारखा चुना मिळतो. उपाय शास्त्रशुद्ध आहे, शोधणाऱ्यांचे कौतुक आहे. तथापि आधी पैसे देऊन दुखणे विकत आणावयाचे आणि मग औषध शोधावयाचे, असे ते आहे. आणि पार्थिव म्हणून संकल्प केलेल्या देवावर औषधाचे पाणी घालण्याची वेळ यावी हे माझ्या मनाला रुचत नाही.

'प्लॅस्टरही खनिजच, तेही पृथ्वीच्या पोटातलेच. मग ते पार्थिव का नव्हे?' असा युक्तिवाद एका तरुण विद्यार्थ्याने माझ्याशी केला होता. युक्तिवाद चतुर आहे. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या 'धर्मसिंधु'मध्ये या व्रताला मातीची किंवा तत्सम मूर्ती सांगितली आहे. त्या 'तत्सम'च्या फटीतून पुष्कळ काही आत शिरू शकते. धातूची मूर्ती शिरू शकते, आणि ती खुशाल शिरावी. तिची पूजा करून ती पुन्हा देव्हाऱ्यात ठेवता येते. पण ज्याचे जलात विसर्जन करावयाचे, त्याचा पहिला गुण जलात मिसळणे हा असला पाहिजे. जे मिसळत नाही, ते पाण्यात बुडविले तर त्याला विसर्जन कसे म्हणावे? त्याला बुडविणे म्हणतात.

असो. आता शाडूविषयी. शाडू ही बारीक कणांची, करड्या-पांढऱ्या रंगाची, हाताला लोण्यासारखी लागणारी माती. आपल्याकडील मूर्तिकारांना ती मुख्यतः गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने, पोत्यांत भरून येते. म्हणजे ती खणावी लागते, शेकडो मैल वाहून आणावी लागते, आणि खाणीत पुन्हा उगवत नाही. शाडूचा गणपती आणला की आपण निष्पाप झालो, असे समजणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे. लहान ओढ्यात किंवा विहिरीत शेकडो शाडूच्या मूर्ती गेल्या तर तळाशी चिकण थर बसतो आणि झरे बुजतात. बादलीत विसर्जन करून ती माती तुळशीच्या कुंडीत ओतणाऱ्या गृहिणींची भावना थोर आहे, पण शाडू वाळल्यावर सिमेंटसारखी आवळते आणि तुळशीच्या मुळांना श्वास घेता येत नाही. चिमूटभर घालावी, बाकीची नव्हे.

मग बाकीचीचे काय करावे? याचे उत्तर काही वर्षांपूर्वी पुण्यात काही मंडळींनी शोधले आणि ते इतके सोपे आहे की आधी कोणाला सुचले नाही याचे नवल वाटते. 'ईकोएक्झिस्ट' ही संस्था तेथे २००७ च्या सुमारापासून पर्यावरणाला न दुखविणाऱ्या पूजासाहित्याचे काम करते. तिने, कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने आणि इतरांनी मिळून 'पुनरावर्तन' नावाचा उपक्रम चालविला. घरोघरी बादलीत विसर्जन झालेली शाडू माती वाळवून संकलन केंद्रावर आणून द्यावयाची, आणि ती मूर्तिकारांकडे परत जावयाची. मूर्तिकार ती भिजवितो, गाळतो, मळतो, आणि तिचाच पुढच्या वर्षीचा गणपती होतो. खाणीवरचा भार हलका होतो, नदी गाळापासून वाचते, आणि मूर्तिकाराची माती विकत घेण्याची रक्कम उरते. ही रक्कम उरली तर शाडूची मूर्ती प्लॅस्टरच्या भावाजवळ येऊ शकेल. कारण भावाचे अंतर मिटल्याशिवाय बाजार कोणाच्या प्रवचनाने बदलत नाही, हे चाळीस वर्षे कीर्तन करून मला पुरते कळले आहे. मुंबई महानगरपालिकाही अलीकडे मूर्तिकारांना शाडू माती विनामूल्य पुरविते, ते याच कारणाने.

आता जो प्रश्न येतो तो शेणव्याच्या बाजूला कीर्तनास गेलो असता एका माउलीने मला विचारला. निरूपण संपले होते, गुलाल-बुक्का झाला होता. ती म्हणाली, "बुवा, ज्या मातीला एकदा देव म्हटलं, हात जोडले, तीच माती पुन्हा कुटायची, तुडवायची? पाप नाही का लागत?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माती परत देण्याच्या साऱ्या व्यवहाराचे यश या एका शंकेच्या निरसनावर अवलंबून आहे, कारण घरातील वडील स्त्री जोवर 'चालेल' म्हणत नाही, तोवर एक ढेकूळही केंद्रावर जाणार नाही. म्हणून मी त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट. मूर्ती बाजारातून घरी येते तेव्हा ती देव नसते. प्राणप्रतिष्ठेने तीत देवत्वाचे आवाहन होते. उत्तरपूजेच्या वेळी अक्षता वाहून आपण देवाला स्वस्थानी जाण्याची प्रार्थना करतो, मूर्ती जागेवरून किंचित हलवितो, आणि तेथे ती मूर्ती पुन्हा माती होते. पाण्यात बुडविल्याने देव जात नाही. तो आधीच गेलेला असतो. पाणी फक्त आकार मोडते. ही क्रमवारी ज्याला नीट समजली त्याची अर्धी शंका फिटली.

दुसरी गोष्ट निर्माल्याची. देवाला एकदा वाहिलेले फूल पुन्हा वाहू नये, हा नियम आपण सारे पाळतो, आणि त्या माउलीच्या मनात बहुधा हाच नियम होता. पण निर्माल्य म्हणजे देवाला अर्पण केलेली वस्तू : फूल, पत्री, गंध. मूर्ती ही अर्पण केलेली वस्तू नव्हे. ती देवाचे आसन आहे, अधिष्ठान आहे. तांब्याचा कलश आपण प्रत्येक पूजेत वरुणाचे अधिष्ठान म्हणून मांडतो आणि पूजा झाल्यावर घासून फडताळात ठेवतो. पुढच्या सणाला तोच कलश पुन्हा येतो. चौरंग तोच असतो, घंटा तीच असते. अधिष्ठान शुद्ध करून पुन्हा वापरावयास कोणीच हरकत घेतलेली नाही.

तिसरी गोष्ट त्या माउलीच्या स्वतःच्याच हातची. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिका असते. मुली आणि सवाष्णी नदीची वाळू आणतात, तिची शिवपिंडी करतात, पत्री वाहतात, रात्री जागवितात आणि दुसऱ्या दिवशी ती वाळू पुन्हा नदीला देतात. पुढच्या वर्षी वाळू आणावयास जाताना, 'ही गेल्या वर्षीच्या महादेवाची तर नसेल?' असे कोणी विचारते काय? आणि असली तरी कोणाला भय वाटते काय? शिवपुराणात पार्थिव लिंगपूजेचे माहात्म्य सांगितले आहे. रोज नवे लिंग करावे, पूजावे, विसर्जावे; नदीकाठी बसून असे पूजन करणाऱ्यांच्या ओंजळीत कालचीच माती आज पुन्हा आली नसेल असे कोण सांगेल? जे काम नदी करीत होती तेच आता हाताने करावयाचे आहे, एवढाच काय तो फरक.

मी हे त्या बाईंना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग कुटताना पाय तरी लावू नये." मला हा निर्णय फार आवडला. कोणत्याही ग्रंथात तो नसेल, पण यापुढे मी तो सांगत जाईन. परत आलेली माती पायाने न तुडविता हाताने किंवा लाकडी मोगरीने कुटावी, आणि कामाला बसण्यापूर्वी तिला नमस्कार करावा. माझ्या पाहण्यातील जुने मूर्तिकार हे न सांगता करीत. ते असेही म्हणत की मुरलेली माती नव्या मातीत मिसळली की ती अधिक चिवट होते, बोटांना अधिक ऐकते. म्हणून तडकलेल्या मूर्तीची माती ते कधी फेकीत नसत.

असा व्यवहार आपल्याच देशात अन्यत्रही आहे. कोलकात्याच्या कुमारटुलीत दुर्गेच्या मूर्ती घडतात. बांबू आणि गवताच्या सांगाड्यावर हुगळीची माती चढवितात. दशमीला मूर्ती नदीत गेली की मातीचा लेप विरघळतो आणि सांगाडा तरंगतो. तो बाहेर काढून पुष्कळदा पुन्हा कुमारटुलीलाच विकला जातो. बंगाली गृहिणी आपल्यापेक्षा कमी भाविक आहे असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

परंतु ही देवघेव चालावयाची तर माती परत घेण्याजोगी असली पाहिजे, आणि येथेच साहित्य पुरविणाऱ्या व्यापाऱ्याचा धर्म सुरू होतो. तैलरंग लावलेली, चमकीचा मुलामा दिलेली, कृत्रिम केस आणि प्लॅस्टिकचे खडे चिकटविलेली मूर्ती बादलीत विरली तरी तिची माती मूर्तिकाराच्या कामाची राहत नाही. गेरू, हळद, खडू, पाण्यात कालविलेले सौम्य रंग, एवढ्यावर भागविले पाहिजे. त्याहून कठीण गोष्ट भेसळीची. शाडूच्या नावाखाली प्लॅस्टरची मूर्ती खपविली जाते, आणि प्लॅस्टरचे तुकडे मातीत मिसळले की सारा घाणा नासतो. गृहस्थाने मूर्ती घेताना तिच्या बुडाशी, जेथे रंग नसतो तेथे, ओले बोट घासून पाहावे. माती असेल तर बोटाला चिखल लागेल. मूर्ती उचलून पाहावी. प्लॅस्टरची आतून पोकळ आणि हलकी असते, शाडूची जड. प्रामाणिक दुकानदार या परीक्षेला राग मानणार नाही.

मूर्तीबरोबर पत्रीचाही विचार केला पाहिजे, कारण पत्रीचा व्यापार शहापूरच्या दाराशीच उभा आहे. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत आसनगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवर पहाटेच्या गाडीला उभे राहून पाहा. कातकरी, ठाकर, वारली बाया डोईवर दूर्वा, आघाडा, तेरडा, बेल, केळीची पाने, रानफुले यांचे भारे घेऊन दादरच्या बाजाराला निघालेल्या दिसतील. या बायांनी आपल्या पाठीवरून रान वाहून आणले नाही, तर मुंबईच्या हजारो घरांतील पूजा अडेल. आपण त्यांच्याशी पाच रुपयांसाठी वाद घालतो. आणि एकवीस प्रकारची पत्री हवीच असा आग्रह धरतो, म्हणून मग बाजारात कसलीही पाने एकवीस मोजून गड्डी बांधली जाते. त्या एकविसांत देवदारही आहे. तो हिमालयातला वृक्ष. सह्याद्रीच्या रानात तो कोण कोठून तोडणार? माका, आघाडा, दूर्वा, रुई, बोर, डोरली ही अंगणातली आणि बांधावरची पाने आपल्याला ओळखता येत असतील तेवढी श्रद्धेने वाहावीत, उरलेल्यांच्या जागी अक्षता वाहाव्यात. अक्षता वाहून उपचार पुरा करण्याची सोय शास्त्रकारांनीच ठेवलेली आहे. पाने खुडावीत, फांदी ओरबाडून आणलेली पत्री घेऊ नये. जुडी केळीच्या सोपाने बांधलेली घ्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीतली परत करावी. थर्मोकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण पिशवी अजून देवघरापर्यंत पोचतेच.

रानातला माल नीट हिशेबाने, रानाला न संपविता विकता येतो, याचे उदाहरणही शहापुरातच आहे. येथील कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या आणि वनधन केंद्राच्या आधाराने गुळवेल गोळा करून औषधी कंपन्यांना पुरविण्याचा उद्योग उभा केला. डाबर, हिमालय, बैद्यनाथ यांसारख्या कंपन्यांकडून साडेतीनशे टन गुळवेलीची सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी त्यांना आल्याचे केंद्र शासनाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. गुळवेल ही मूळ राखून तोडली तर पुन्हा फुटणारी वेल आहे, आणि रानात राहणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही. गुळवेलीचे जे झाले ते पत्रीचे का होऊ नये, आणि मातीचे का होऊ नये? मुंबई-पुण्यात माती परत घेणारी केंद्रे आहेत. शेणवा, किन्हवली, सरळगाव, मुरबाड या बाजारांत मूर्ती विकणाऱ्याने आपल्या दुकानाच्या कोपऱ्यात चतुर्दशीनंतर दोन पोती उघडी ठेवली, तर त्याला कसले भांडवल लागणार आहे? पुढच्या वर्षी माल आणावयास तो जाईलच. रिकाम्या गाडीत ती पोती टाकली की झाले.

घरच्यांनी करावयाचे ते असे. उत्तरपूजा झाली, आरती झाली, दहीपोह्यांची शिदोरी दिली, की मूर्तीवरील हार, वस्त्र, जानवे, दागिने सारे काढून घ्यावे. मूर्ती बुडेल एवढी बादली किंवा पिंप स्वच्छ पाण्याने भरावे आणि जयघोष करून ती अलगद आत ठेवावी. ढवळू नये. शाडू असेल तर सकाळपर्यंत ती खाली बसते. एक-दोन दिवसांनी वरचे निवळ पाणी फुलझाडांच्या आळ्यात घालावे; तळची माती जुन्या धोतरावर किंवा साडीवर पसरून उन्हात कोरडी ठणठणीत वाळवावी, कारण पुरती वाळलेली माती पाण्यात लवकर फुटते आणि अर्धी ओली माती गोळा धरून बसते. नंतर ती स्वच्छ फडक्यात बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवावी. पितृपंधरवडा आहे म्हणून अडून राहण्याचे कारण नाही, त्यात नवे काही आरंभावयाचे नसते. सर्वपित्री अमावास्येपर्यंत गाठोडे मूर्तिकाराकडे पोचले, आणि त्याच हाती पुढच्या मूर्तीचा विसार दिला, तर तो नवरात्र संपताच माती भिजत घालू शकतो आणि वैशाखाच्या कोरड्या हवेत त्याच्या मूर्ती सावकाश, न तडकता वाळतात.